व्याकरणाच्या रॅकमध्ये

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तक स्वतःच्या हातानं घेता येत नाही, मागावं लागतं. जाळीच्या खिडकीपलीकडे ग्रंथपाल बाई बसतात आणि कपाटं त्यांच्या पाठीमागे. खिडकीशी उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं. बाईंना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्यानं सांगायचं. खिडकीच्या अलीकडे लांब टेबलावर पेपर वाचत बसलेली मंडळी मान वर न करता ते ऐकत असतात. कोण काय वाचतो हे इथं सगळ्या गावाला ठाऊक असतं. एका निवृत्त तलाठ्यानं बायको गेल्यावर पाककृतीचं पुस्तक मागितलं, तेव्हापासून गाव त्याला 'फोडणी' म्हणतं.

मी मूळचा तांड्यावरचा. आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजूला. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, शाळेत मराठी. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि आज मराठी विषय शिकवून पोट भरतो, तेही याच गावातल्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर का होईना. हे सगळं झालं ते माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांमुळे आणि या वाचनालयामुळे. मुख्याध्यापकांना मी अजूनही नुसतं 'सर' म्हणतो. दहावीनंतर त्यांनीच माझा हात धरून मला इथं आणलं आणि सभासद केलं. आता ते निवृत्त आहेत आणि वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. पुढे जे सांगणार आहे त्यात माझं भांडण त्यांच्याशीच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो की त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. ज्याचे उपकार आहेत त्याच्याशी भांडूच नये असं मात्र मला कोणी शिकवलेलं नाही. सरांनीही नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथं मागावं लागत नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघड्या रॅकमध्ये असतात, आपल्या हातानं काढायची, वाचायची, परत ठेवायची. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तिथं प्रवेश नाही. सकाळी मैदानावर धावून आलेले भरतीचे पोट्टे घामाच्या बनियनवर शर्ट चढवून तिथं बसतात. रॅकवर बाईंनी मार्करनं विषय लिहिलेत: इतिहास, भूगोल, अंकगणित, सैन्य व पोलीस भरती, मराठी व्याकरण. सगळ्यात जास्त गर्दी व्याकरणापुढे. मराठीचे मार्क हक्काचे असतात असं सगळे म्हणतात आणि सगळ्यांचे तेच जातात.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या रॅकमधून समासाचं पुस्तक काढायला गेलो आणि हातात भलतंच आलं. पातळ पुस्तक, कव्हर निघालेलं. आतल्या पानावर नाव होतं आणि त्या नावात 'समलिंगी' हा शब्द होता. कोणीतरी भेट दिलेल्या गठ्ठ्यात ते आलं असावं. बाई गठ्ठा सोडून नावावरून विषय लावतात. त्यांनी नावात 'लिंग' पाहिलं आणि पुस्तक व्याकरणात ठेवलं. लिंग, वचन, विभक्ती. परीक्षेत प्रश्न येतोच: पुढील शब्दांचे लिंग ओळखा.

तोपर्यंत माझ्यासाठी एकच शब्द होता, 'बायल्या', आणि तो मला कबड्डीच्या मैदानावर फेकून मारलेला होता. हे पुस्तक साध्या, जरा कोरड्या मराठीत सांगत होतं की हा आजार नाही, अशी माणसं सगळीकडे असतात, पूर्वीही होती. मी ते समासाच्या पुस्तकात घालून उभ्यानं वाचलं. शेजारच्या एकानं कोपरानं ढकललं तेव्हा वाटलं, संपलं. तो म्हणाला, "भाऊ, सरक जरासा, विभक्ती पाहू दे." मी सरकलो. त्यानं विभक्ती पाहिली. कोणी काही विचारलं नाही, कारण व्याकरणाच्या रॅकपुढे उभ्या असलेल्या माणसाला काय विचारायचं?

पुढे बरेच दिवस मी ते पुस्तक तिथंच वाचलं, घरी कधी नेलं नाही. घरी न्यायचं तर खिडकीशी जाऊन नाव सांगावं लागलं असतं.

एम.ए. झालो, शिकवायला लागलो, आणि पुस्तकं मागवायला लागलो. पार्सल कॉलेजच्या पत्त्यावर यायची. मराठी थोडी, हिंदी काही, इंग्रजी बरीच. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवावी लागते. त्यात एक जाडजूड पुस्तक परदेशातल्या एका सैन्याच्या नियमावर होतं. तिथं बरीच वर्षं असा कायदा होता की आमच्यासारख्याला सैन्यात राहता येईल, पण त्यानं सांगायचं नाही आणि अधिकाऱ्यांनी विचारायचं नाही. बोलला की घरी. पानंच्या पानं साक्षी, अहवाल, कोण काय म्हणाला. डिक्शनरी घेऊन ते वाचताना मला हसू आलं. एवढे मोठे लोक एवढ्या मोठ्या सभागृहात बसून जे लिहीत होते, ते आमच्या घरात कोणी न लिहिता चालू होतं. माझ्या लग्नाचा विषय तिशीनंतर आपोआप बंद पडला. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि एक पुस्तक शृंगारकथांचं होतं, हिंदीत. पुरुषांच्या, पुरुषांसोबतच्या. स्पष्ट लिहिलेल्या. त्याच्याबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. कायद्याच्या पुस्तकांनी मला सांगितलं की मला राहू द्यावं. आजाराबद्दलच्या पुस्तकांनी सांगितलं की मी आजारी नाही. पण माझ्यासारखा माणूस सुखात असतो, हसतो, दुसऱ्याच्या अंगाला हात लावताना लाजतो आणि सकाळी उठून त्याच्यासाठी चहा टाकतो, हे फक्त त्या पुस्तकानं सांगितलं. बाकीच्या पुस्तकांत आम्ही खटल्यात असतो, दवाखान्यात असतो, नाहीतर मेलेले असतो.

मागच्या दिवाळीनंतर एकदा मी सहज अभ्यासिकेत गेलो आणि व्याकरणाच्या रॅकमध्ये ते जुनं पातळ पुस्तक शोधलं, तर नव्हतं. बाईंना विचारलं. मी शिकवायला लागल्यापासून त्या मलाही 'सर' म्हणतात.

"ते होय? रद्दीत काढलं," त्या म्हणाल्या. "कव्हर नव्हतं, पानं सुटली होती. आणि सर, ते व्याकरणाचं नव्हतंच म्हणे. मले काय माहीत? लिंग लिहेल होतं, मी टाकलं व्याकरणात. इतके वर्ष कोणी सांगितलं बी नाही."

"कोणी सांगणार नव्हतंच, बाई," मी म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही. मी चांगला झोपलो. सकाळी उठून माझ्याजवळची पुस्तकं दोन पिशव्यांत भरली आणि वाचनालयाच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, भेट देतो. भेटीच्या पुस्तकावर पहिल्या पानावर देणाऱ्याचं पूर्ण नाव घालायची इथं पद्धत आहे, 'यांजकडून सप्रेम भेट'. तेही घालायचं होतं. बाईंनी वरची दोन पुस्तकं पाहिली, तिसरं उघडलं, लगेच मिटलं आणि सरांना फोन लावला.

रविवारी समिती बसली. सर, मोटर पार्टचं दुकान असलेले चाचा, आणि ठरावाला हात वर करण्यापुरते येणारे दोघं. बाई लिहून घ्यायला. टेबलावर माझी पुस्तकं.

सर म्हणाले, "हे सैन्याचं ठीक आहे. कायद्याचं बी ठीक आहे. कविता कोणाले समजत नाही, राहू दे. पण हे?" शृंगारकथांचं पुस्तक त्यांनी दोन बोटांनी पुढे सरकवलं.

"त्या शृंगाराच्या कथा आहेत, सर."

"मले समजते काय आहेत ते. दोन पानं वाचली मी."

"दोनच?" चाचा म्हणाले.

एक सदस्य हसला आणि सरांकडे पाहून थांबला.

"सर, आपल्या कपाटात नवरा-बायकोच्या, दीर-भावजयीच्या कादंबऱ्या आहेत," मी म्हणालो. "बाईंना विचारा, सगळ्यात जास्त शिवून घ्याव्या लागतात त्या कोणत्या."

बाई खाली पाहून लिहीत राहिल्या.

सरांनी आवाज खाली आणला. शाळेतही ते असंच करायचे. "हे पाह्य, मी नाही म्हणूनच नाही राह्यलो. ते एक काढून टाकू. बाकीचे बाईंच्या मागच्या कपाटात, कुलपात. ज्याले पाहिजे तो मागून नेईन. आणि देणाऱ्याचं नाव टाकायची गरज नाही. झालं? तुया मनासारखं बी झालं, गावाच्या बी."

"मागून म्हणजे खिडकीशी उभं राहून, सर. मोठ्यानं. कोण मागेल?"

"ज्याले खरी गरज आहे तो मागन."

"ज्याला खरी गरज आहे तो कधीच मागणार नाही. मी मागितलं नसतं."

मी मुद्दाम बोललो होतो असं नाही. वाक्य पूर्ण करायला 'मी' हा शब्द लागला आणि तो आला. बाईंचं पेन थांबलं. सरांनी पुस्तकं एकावर एक सरळ लावली. मग म्हणाले, "हे तू बोलला नाहीस असं आम्ही समजतो."

तो नियम मी जाडजूड पुस्तकात वाचला होता. इथं तो माझ्या सरांच्या तोंडून, माझ्यावर माया म्हणून, आला होता. माया होती हे मला आजही कबूल आहे.

"नाही सर," मी म्हणालो. "बोललो असंच समजा."

चाचांनी घसा खाकरला. "आपल्याले काय करायचं, सर? माझ्या दुकानात गिऱ्हाईक पार्ट मांगते, मी देतो. गाडी कोणती ते पुसतो. गाडी घेऊन कुठं चालला ते नाही पुसत."

"गाडी आणि हे सारखं आहे का?" सर पहिल्यांदाच चिडले. मग माझ्याकडे वळले. "तासिकेवर आहेस तू. उद्या कोणी तक्रार केली तं पुढच्या साली तुले घेतीन का? ते बी जाऊ दे. पुस्तकावर तुयं पूर्ण नाव लागन. त्याच्यात बापाचं नाव येते. त्या माणसानं काय केलं? असल्या पुस्तकावर त्याचं नाव लावतं? त्याले विचारून ये पयले. पुढच्या रविवारी बोलू."

सरांना वाटलं असणार की मी विचारायला जाणारच नाही.

शनिवारी मी तांड्यावर गेलो. माझे वडील, बापू, ओसरीवर बसून बैलाच्या म्होरकीला गाठी मारत होते. माझी याडी, म्हणजे आई, तुरीच्या शेंगा सोलत होती. बोलणं आमच्या बोलीत झालं, इथं मराठीत लिहितो. मी म्हटलं, वाचनालयाला पुस्तकं देतोय, त्यावर तुमचं नाव येईल, आधी ऐकून घ्या कशाची आहेत. माझ्यासारख्या माणसांची आहेत. बाईवर नाही, पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांची. काही कायद्याची, काही कवितांची, एक सैन्याचं, आणि एक फार उघडं लिहिलेलं.

बापूंनी गाठ ओढून पाहिली. "सैन्यात बी असतात?"

"असतात."

"मंग काढून टाकत असतील."

"एका देशात बोलले तर काढायचे, गप्प राहिले तर ठेवायचे. आता तो नियम गेला."

"गोळी लागली तं पुसत नसतील," ते म्हणाले. मग पुढची गाठ मारायला घेतली.

याडी म्हणाली, "ह्याचं नाव कायले पाहिजे त्यायले? पुस्तक तू देतो."

"पूर्ण नावात वडिलांचं नाव येतं. सर म्हणतात, विचारून ये."

तेव्हा बापू तापले, पण माझ्यावर नाही. "आजपर्यंत माझं नाव लिहिताना मले कोणी विचारलं? शाळेत तुया गुरुजीनं एक लिहिलं. सातबाऱ्यावर दुसरंच. आधारवाल्यानं तर बाईचं नाव करून टाकलं होतं, दोन चकरा मारल्या सुधरवायले. या कोर लोकायले आमचं नाव तोंडात बसत नाही, त्यायच्या तोंडात बसते तसं लिहितात. आता विचारून राह्यले." कोर म्हणजे आमच्या जमातीबाहेरचे. "तू लावणार असशील तं लाव. पण बरोबर लाव. तांड्यात म्हणतात तसं."

मी हो म्हटलं.

"आणि ती पुस्तकं इथी आणू नको," ते म्हणाले. "तांड्यात वाचणारे वाढले आता."

याडीनं त्यानंतर माझ्याशी फार बोलणं केलं नाही. जाताना तुरीच्या शेंगांची पिशवी मात्र दिली. त्याचा अर्थ मी लावत बसलो नाही, शेंगा उकडून खाल्ल्या.

रविवारी मी सरांना सांगितलं की बापूंची परवानगी आहे, आणि नाव नीट लिहायची ताकीद आहे. मी पुढे म्हणालो, "एकही पुस्तक काढू नका. कुलूप नको. वेगळी रॅक, वेगळी पाटीही नको, त्या पाटीखाली कोणी उभं राहणार नाही. व्याकरणाच्या रॅकमध्ये ठेवा."

"व्याकरणाच्या? कायले?"

"तिथं सगळेच उभे असतात, सर. तिथं उभं राहिलेल्याला कोणी काही म्हणत नाही. अभ्यासिकेत अठराच्या खालचं कोणी येतही नाही."

"पयले बी तिथंच होतं ते एक," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "काही झालं नाही."

"झालं, बाई," मी म्हणालो.

चाचांनी हात वर केला. मग त्या दोघांपैकी एकानं, चाचांकडे पाहून. दुसरा सरांकडे पाहत राहिला. सरांनी हात बाजूनंही वर केला नाही आणि विरोधातही नाही. दोन विरुद्ध शून्य, ठराव झाला. उठताना ते मला म्हणाले, "मी तुले वाचायले शिकवलं ते याच्यासाठी नाही."

"कशासाठी ते तुम्ही सांगितलं नव्हतं, सर. म्हणून तर शिकलो."

हे उद्धट होतं. मला तेव्हाही कळत होतं आणि मी ते मागे घेत नाही.

पुस्तकं रॅकमध्ये गेली. आठवड्याभरात गावात माझं नाव 'व्याकरणवाले सर' पडलं. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, "सर, व्याकरण कसं चाललंय?" भरतीच्या पोट्ट्यांपैकी एक उंच गडी, दोस्तांसमोर, म्हणाला, "सर, आमचं लिंग ओळखून द्या ना."

"पुल्लिंग, एकवचन," मी म्हणालो. "विभक्ती कच्ची दिसते. ये संध्याकाळी."

दोस्त त्यालाच हसले. तो संध्याकाळी आला नाही, पण दोन दिवसांनी विभक्तीच विचारायला खरंच आला.

पुढच्या सत्रात कॉलेजात माझे तास कमी झाले. विद्यार्थी कमी झाले असं कारण सांगितलं, आणि विद्यार्थी कमी झालेही होते, म्हणून भांडायला जागा नाही. सर रस्त्यात दिसले की मी नमस्कार करतो. ते मान हलवतात आणि पुढे जातात. पूर्वी थांबायचे. हे मला लागतं. पण पुस्तकं रॅकमध्ये आहेत.

परवा बाईंचा फोन आला. "सर, ते गेलं."

"काय गेलं?"

"ते हो, तुमचं. दोन पानांचं." सरांनी दोन पानं वाचली तेव्हापासून समितीत सगळे त्या शृंगारकथांना तेच म्हणतात. "नोंद नाही, कोणाच्या नावावर नाही. चोरलं कोणीतरी. अध्यक्ष म्हणून राह्यले, आता तरी बाकीचे कुलपात टाका."

"सरांना सांगा, ठरावात कुलूप नाही."

"आणि पुस्तक? तुमचंच होतं न ते. रिपोर्ट लिहू का?"

मी विचारलं, रॅकमध्ये जागा कुठं रिकामी आहे. शब्दविचार आणि समास यांच्यामध्ये, त्या म्हणाल्या. म्हणजे ज्यानं नेलं त्याला मागावं लागलं नाही. त्यानं हात घातला, शर्टाखाली घातलं असेल, आणि भरतीच्या पोट्ट्यांमधून बाहेर पडला असेल. माझं आणि माझ्या बापाचं नाव असलेलं पहिलं पान कदाचित त्यानं फाडून टाकलं असेल, कदाचित नसेल.

"रिपोर्ट नको, बाई. ती जागा तशीच ठेवा. त्यात दुसरं काही सारू नका."

पुस्तक मी पुन्हा मागवलं आहे. या वेळी दोन मागवल्या. आल्या की दोन्हींवर पूर्ण नाव घालीन, वडिलांचं तांड्यात म्हणतात तसंच, आणि शब्दविचार आणि समास यांच्यामध्ये नेऊन ठेवीन.